हजेरीच्या यंत्राला शेऱ्याचा रकाना आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा भाचा चार वेळा अर्धाच दिवस कामावर होता, असं त्याच्या कारखान्याच्या गेटवरचं यंत्र म्हणतं. तो म्हणतो, मामा, मी आठ तास ग्राइंडर धरून उभा होतो. भाचा आहे म्हणून त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी की एकतीस वर्षं मी फाउंड्रीत टाइमकीपर होतो. आयुष्यभर हजेरीच मांडली. ती चुकते कशी, हे मला त्या यंत्रापेक्षा जास्त कळतं.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. पोराची नोकरी जायची. तो फेटलिंगला आहे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास वाढलेल्याला फेटलिंग म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : ओतीव काम साच्यातून निघालं की त्याला रनर-रायझरचे तुकडे आणि कडेला सुटलेली धातूची किनार चिकटलेली असते. ती तोडायची, घासायची. आठ तासांनी माणूस बाहेर येतो तेव्हा गॉगलची दोन वर्तुळं सोडली तर बाकी चेहरा वाळूचा आणि लोखंडाच्या भुकटीचा असतो. दिवाळीनंतर तिथं अंगठ्याचं यंत्र काढून चेहरा ओळखणारं बसवलं. अंगठ्याचं का काढलं? घासून घासून या लोकांच्या बोटांवर ठसेच उरत नाहीत म्हणून. म्हणजे पहिलं यंत्र ज्यांच्यापुढं हरलं त्यांच्यासाठीच दुसरं आणलं, आणि ते त्यांच्यावर चालवून बघायचं तेवढं राहिलं!

सकाळी धुतलेल्या तोंडानं ‘इन’ होतं. संध्याकाळी नळ तीन, माणसं ऐंशी आणि गावाकडची एसटी सव्वापाचची. पोरं तशीच यंत्रापुढं जातात. यंत्र म्हणतं, चेहरा जुळत नाही. दोनदा, तीनदा. मागची रांग ओरडते, “सरक की लेका फुडं!” तो सरकतो. ‘आउट’ लागत नाही, आणि ‘आउट’ नाही म्हणजे हाफ डे.

चार हाफ डेचे अकराशे रुपये. भाचा एचआरकडं गेला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय, आम्हाला बदलता येत नाही. ठेकेदार म्हणाला, कंपनी जेवढी हजेरी पाठवते तेवढा पगार मी काढतो. यंत्र बसवणाऱ्याचा नंबर भिंतीवर होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, आम्ही फक्त बसवतो, ओळखायचा प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा. त्यानं तक्रारीचं तिकीट काढून दिलं. आठ दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला : तुमचं तिकीट बंद करण्यात आलं आहे. अकराशे रुपये कुठं गेले हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. खोटं मात्र कुणीच बोलत नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

आमच्या मस्टरला शेवटी एक रकाना असायचा. त्यावर छापलेलं असे ‘शेरा’. एकतीस वर्षांत त्या रकान्यात मी काय काय लिहिलं ते आठवलं तर एक कादंबरी होईल. ‘पोरगी सीपीआरला ॲडमिट, साहेबांना विचारून दोन तास उशीर.’ ‘कार्डावर वेळ उमटली नाही, सुपरवायझरने पाहिले.’ २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला. चिखलीची, आंबेवाडीची माणसं घराच्या माळ्यावर बसलेली. त्या आठवड्याची मस्टरची पानं अजून डोळ्यांपुढं आहेत. नावापुढं ‘ग’, ‘ग’, ‘ग’, आणि शेऱ्यात एकच शब्द : महापूर. मालक काही देवमाणूस नव्हता, पण त्यानं तो शब्द वाचला आणि कुणाचा खाडा धरला नाही. ‘ग’ खोटा नव्हताच. माणसं गैरहजरच होती. पण ‘ग’ म्हणजे अख्खी गोष्ट नव्हे, एवढी समज त्या रकान्यात होती.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. हातानं लिहिलेल्या मस्टरमध्ये काय काय चालायचं ते मला विचारा. ठेकेदार बारा माणसं आणायचा आणि पंधरा नावं लावायचा. एकाचं कार्ड दुसरा पंच करायचा. चहापाण्यावर उशीर माफ करणारे टाइमकीपर मी पाहिलेत. मी स्वतः एकदा, भांडणाच्या रागात, एका मोल्डरला उशीर लावला. तो उशिरा आलेला नव्हता. दुपारच्या सुट्टीत तो डबा न खाता माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. एक शब्द बोलला नाही, नुसता उभा. दहा मिनिटांनी मी पान उघडून खोडलं, सही केली. यंत्रानं पंधरातली तीन खोटी नावं उडवली असतील तर बरंच झालं. पण उभं राहायला टेबलही त्याच्याबरोबर उडालं.

आणि हजेरी हा शब्द कोल्हापुरात तरी साधा नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यातला माणूस चोरी करो न करो, त्याच्यावर पाळत ठेवायची. त्या काळी अशा शिक्का बसलेल्या जातीजमातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती हजेरी बंद केली. इंग्रजांच्या मुलखातला तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. ज्यांना शिपाई पकडत फिरायचे त्या फासेपारध्यांना महाराजांनी पहाऱ्यावर नेमलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती ऐकताना मला नेहमी वाटायचं, केवढं हे धाडस. आता वाटतं, त्यात एक साधी पारखही होती. माणसानं काय केलं ते बघायचं, तो कुठल्या खान्यात बसतो ते नव्हे.

हे इतिहासाचं पुराण कशाला, असं वाचकांना वाटेल. सांगतो. भाच्याच्या कारखान्यात आता हजेरीच्या जोडीला एक तक्ता निघतो. महिन्याच्या शेवटी ठेकेदाराच्या मोबाइलवर येतो, नावांपुढं रंग असतात, हिरवा, पिवळा, लाल. कॅमेरा माणूस किती मिनिटं जागेवर नव्हता ते मोजतो. पाणी प्यायला गेला, लघवीला गेला, डोळ्यात कण गेला म्हणून बसला, सगळं ‘रिकामा वेळ’. तेही एक वेळ समजू. पण तक्त्यात आणखी एक रकाना आहे : ‘पुढील महिन्यात गैरहजेरीची शक्यता’. बिहारकडच्या बहुतेक पोरांपुढं त्यात ‘जास्त’ आलं. कारण काय, तर मागच्या वर्षी त्यांच्याबरोबरचे काही जण छठपूजेला गावी गेले ते वेळेवर परतले नाहीत. यातलं एक पोरगं मागच्या वर्षी इथं कामालाच नव्हतं! त्यानं अजून रजा मागितलेली नाही, घेतलेली नाही, आणि तो लाल आहे. ठेकेदारानं त्याला ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ असं सांगितलं. १८७१ चा कायदा याहून वेगळं काय म्हणत होता?

माझी पुतणी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला मी हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, काका, याच्यावर जगात बरंच लिहून झालंय, आणि तिनं मला एक कागद पाठवला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं जून २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांविषयी ३१ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी ती तयार केली होती. तेव्हा एआयचा असा बोलबाला नव्हता, पण वाचताना वाटतं की आमच्या गेटवर उभं राहूनच लिहिलंय. सरकारनं हक्कांचं रक्षण करायचं, कंपनीनं त्यांचा मान राखायचा आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मागायला जागा ठेवायची, असे त्याचे तीन भाग. कंपनीची जबाबदारी देशाच्या कायद्यावर अडून राहत नाही, हेही त्यात आहे. कायदा गप्प असला तरी ती असतेच.

मला त्यातलं सगळ्यात पटलं ते तेरावं तत्त्व. तुम्ही स्वतः कुणाचं नुकसान करू नका, त्याला हातभार लावू नका, हे तर आहेच. पण ज्यांच्याशी तुमचा धंद्याचा संबंध आहे त्यांच्या मालामुळं किंवा सेवेमुळं नुकसान होत असेल, तर तेही टाळायचा प्रयत्न करा. म्हणजे ‘प्रोग्राम बाहेरच्या कंपनीचा’ हे उत्तर चालत नाही. एआय बनवणारा, विकणारा, बसवणारा आणि विकत घेऊन वापरणारा, प्रत्येकाच्या गळ्यात आपापला वाटा. आपल्याकडं एआय कंपनी म्हटलं की लोकांना अमेरिका नाहीतर बेंगळुरू दिसतं. दहा मशिनं आणि ऐंशी माणसं असलेला कारखानदार असलं यंत्र विकत घेतो तेव्हा तोही या गोष्टीत आला.

पुतणीनं एक उदाहरण सांगितलं. राइट एड ही अमेरिकेतली औषध दुकानांची मोठी साखळी होती. तिनं चोर ओळखायला दुकानांत चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले. तंत्र दुसऱ्यांकडून विकत घेतलेलं. ते बरोबर ओळखतं का हे कंपनीनं नीट तपासलंच नाही. भलत्याच गिऱ्हाइकांना नोकर अडवू लागले, त्यात बायका आणि काळ्या वर्णाची माणसं जास्त. एका अकरा वर्षांच्या मुलीला थांबवून तिची झडती घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली. कंपनीला असा वापर पाच वर्षं बंद ठेवायचा हुकूम झाला. लक्षात घ्या, बंदी आली ती वापरणाऱ्या दुकानदारावर.

तपासलं तर सुधारता येतं, याचाही दाखला आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तपासले. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच त्यांना ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रोग्रामची चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. बोभाटा झाल्यावर त्या कंपन्यांनी प्रोग्राम बदलले आणि पुढच्या तपासणीत चुका बऱ्याच उतरल्या. मला विचाराल तर फेटलिंगमधला माणूस पाच वाजता कुठल्या रंगाचा असतो हे त्या अभ्यासातही नसणार. ते बघायला आमच्याच गेटवर यावं लागेल.

आपल्या कायद्याचं काय? २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. मी हौसेनं कलमं वाचायला बसलो आणि सातव्या कलमाशी अडलो. नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमती न घेताही वापरता येते. म्हणजे माझ्या भाच्याचा चेहरा घ्यायला त्याला विचारायचीसुद्धा गरज नाही. पूर्वीच्या १९३६ च्या वेतन कायद्यात कामगाराला दंड करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे, आणि दंडाची रक्कम कामगारांच्या भल्यासाठीच खर्चावी लागे. नव्या वेतन संहितेतही म्हणणं ऐकायची अट आहे. पण कंपनी म्हणणार, हाफ डे हा दंड नव्हे, गैरहजेरीची कपात आहे. शब्दाला धरून बरोबरही आहे. म्हणून तर म्हणतो, कायद्याच्या पलीकडं मालकाची काही जबाबदारी उरते की नाही?

युरोपानं २०२४ मध्ये एआयचा कायदा केला. माणसं कामावर घेणारी, त्यांच्यावर नजर ठेवणारी, त्यांना गुण देणारी यंत्रं त्यात जास्त धोक्याची धरली आहेत. असं यंत्र लावण्याआधी कामगारांना सांगायचं, आणि त्यावर देखरेखीला असा माणूस नेमायचा की ज्याला त्यातलं कळतं आणि ज्याला अधिकारही आहे. ‘अधिकारही’ हा शब्द मी दोनदा वाचला. एचआरच्या मॅडमना कळत होतं. अधिकार नव्हता. (कामावरच्या माणसाचा चेहरा बघून तो रागावलाय की उदास आहे हे ठरवणाऱ्या यंत्रांवर तिथं फेब्रुवारी २०२५ पासून जवळजवळ बंदीच आहे. आपल्याकडं अजून कुणी तेवढी मजल मारली नसावी. मारतीलच.)

आमच्या कास्टिंगला परदेशची गिऱ्हाइकं आहेत. त्यांची माणसं ऑडिटला यायची तेव्हा मी फायली घेऊन मागं मागं फिरायचो. हेल्मेट बघायचे, गॉगल बघायचे, पिण्याचं पाणी, संडास, लहान पोरं तर कामाला नाहीत ना हे बघायचे. सुरुवातीला मालक चिडायचे. पण त्या प्रश्नांमुळं आमच्याकडं संडासाला दारं आली, हेही खरं. आता त्यांनी गेटवरच्या यंत्राबद्दलही एक प्रश्न विचारावा : याचा निकाल चुकला तर माणसानं कुणाकडं जायचं?

कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळावं म्हणून वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. आम्हाला अभिमान आहे. पण पावणेतीनशे रुपयांच्या हाफ डेसाठी फेटलिंगचं पोरगं हायकोर्टात जाणार नाही. कामगार न्यायालयातही जाणार नाही. त्यात आणखी चार खाडे होतील. त्याची दाद गेटपासून वीस पावलांवर आणि त्याच दिवशी लागली पाहिजे.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा, ४३ ला धोका. पाणी घरात शिरल्यावर फूट मोजायला कुणी जात नाही. यंत्र आणतानाही इशाऱ्याची खूण आधी ठरवायला हवी. महिन्याला किती माणसांचा चेहरा जुळला नाही, किती हाफ डे लागले, तक्रारीनंतर किती परत द्यावे लागले, हे आकडे तिथल्या फळ्यावर खडूनं लिहायला पैसे पडत नाहीत. एका महिन्यात दहा हाफ डे परत द्यावे लागले तर समजायचं, पाणी ३९ ला आलं.

गोशिमा, स्मॅक, इंजिनिअरिंग असोसिएशन या आपल्या उद्योजकांच्या संघटना जाणत्या आहेत. त्यांच्याकडून फार मोठं काही मागत नाही. यंत्र घेण्याआधी ते आठवडाभर पाच वाजताच्या काळ्या तोंडांवर चालवून बघा. कोअर शॉपमधल्या बायका वाळूसाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यांच्यावर चालवून बघा. कॅमेरा काय मोजतो आणि ते कोण बघतं, हे मराठीत आणि हिंदीत पाटीवर लिहा. विकणाऱ्याशी करार करताना चूक निघाली तर किती दिवसांत दुरुस्त करणार, हे लिहून घ्या; साच्याचा नमुना करून देणाऱ्या पॅटर्नवाल्याकडून आपण घेतोच की. लाल रंग बघून कुणाला काढायचं असेल तर आधी त्याला समोर बसवा. आणि भविष्य सांगणारा तो रकाना तेवढा बंद करा. आमच्याकडं त्या कामाला ज्योतिषी आहेत, ते निदान माणसाला समोर बसवून हात बघतात.

माझा यंत्रावर राग नाही. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, कॅमेऱ्यानं शोधावा. डोळे फोडून तो शोधणारी माणसं पन्नाशीत चष्म्यातूनही आंधळी झालेली मी पाहिलीत. भट्टीजवळ कुणी विनाहेल्मेट गेला तर भोंगा वाजावा. आमच्या वेळी असा भोंगा असता तर एका पोअररचा पाय वाचला असता.

भाच्याच्या चारपैकी एक हाफ डे परत मिळाला. सुपरवायझरनं जुन्या ओळखीनं वर सांगितलं म्हणून. उरलेल्या तीन हाफ डेंचं तिकीट बंद आहे.

निवृत्त होताना मी जुन्या मस्टरचं एक कोरं पान घरी आणलं होतं, आठवण म्हणून. नाव, तिकीट नंबर, एकतीस दिवस, एकूण आणि शेवटी शेरा. कुणा कारखानदाराला किंवा यंत्र बनवणाऱ्याला तो रकाना किती रुंद असायचा ते बघायचं असेल तर त्यानं संध्याकाळी पाचनंतर केव्हाही यावं. पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. चहा माझ्याकडं.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर